दातांच्या डॉक्टरकडे सोयरिकीची चौकशी

खुर्चीत बसलेला माणूस तोंड उघडतो ते दातासाठी. त्याचं सगळं लक्ष त्या एका दुखऱ्या दाढेकडे असतं. मी मात्र दाढ शेवटी बघते. आधी दोन्ही गाल आतून, मग जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे, जिभेखाली आणि मग टाळू. तेवढ्यात माणूस वैतागतो. "डॉक्टर साहब, दर्द इधर है," असं बोट घालून दाखवतो. मी म्हणते, कळलं बाबा, दाढ कुठे पळून जात नाही.

चौतीस वर्षं ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर बसून मी हेच करतेय. खाली जिलबी खायची आणि वर दात दाखवायचे, हा विनोद आलेला प्रत्येक पाहुणा करतो आणि प्रत्येकाला वाटतं की त्यालाच सुचला. हल्ली मी फक्त सकाळी बसते. लोकांना वाटतं, दातांच्या डॉक्टरला कसली भीती, घाबरायचं ते पेशंटने. खरं सांगू? गाल ओढून आत दिवा धरला की अजूनही मी मनातल्या मनात देवाचं नाव घेते. आमच्याकडे गुटखा न खाणारा तरुण मुलगा खुर्चीत येऊन बसला की मला सणासारखं वाटतं.

गुटखा गालात दाबून ठेवायची सवय असली की गाल आतून पांढरा पडतो, ताठ होतो आणि तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. मी पेशंटला सांगते, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाल. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर मी माझा चेहरा सांभाळते. चेहरा सांभाळणं ही या धंद्यातली अर्धी विद्या आहे आणि ती कॉलेजात कुणी शिकवत नाही.

आता आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची एक तऱ्हा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही इथे आहोत मूठभर. कुणाचे पणजोबा दरबारात काय होते, हे अजून तोंडपाठ असणारी माणसं इथल्या लष्कर भागात आहेत. लग्न जमवायचं तर मुलगा किंवा मुलगी, दोघांपैकी एक बहुधा माझा पेशंट. मग चौकशी आली. ती आधी गुरुजींकडे, मग शेजाऱ्यांकडे आणि मग दात साफ करायच्या निमित्ताने माझ्याकडे. दहा वर्षांत जे माझा जिना चढलेले नाहीत, ते घरात लग्न निघालं की दात साफ करायला हजर. गुळणी करता करता सहज विचारल्यासारखं विचारायचं, "अमक्यांची धाकटी कशी आहे हो?"

आणि मी सांगायची. हे मान्य करते. "छान मुलगी, दात मोत्यासारखे." एकीचा पुढचा दात लहानपणी गोरखीच्या मैदानावर पडून तुटला होता, तो मीच बसवलेला. तिच्या होणाऱ्या सासूला मी म्हटलं, "हसली की बघत राहावं." आज ती दोन मुलांची आई आहे आणि दात अजून जागेवर आहे. मला यात फार मोठेपणा वाटायचा. माझ्या खुर्चीत किती लग्नं जमली, हे मी हळदीकुंकवाला मिरवत सांगायची. कुणाबद्दल वाईट एक शब्द बोलले नाही, तेवढ्यावर मला वाटायचं की डॉक्टर म्हणून माझी वागणूक स्वच्छ आहे.

निखिल आला तो या सगळ्याच्या मध्ये. आमच्या जुन्या ओळखीतल्या सुमनवहिनींचा मुलगा, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बाड्याच्या चौकाजवळच्या एका विमा कार्यालयात नोकरीला. त्याचे दुधाचे दात मी काढलेले. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मावशी, तिखट लागून राहिलंय. आईच्या हातची आमटीसुद्धा खाववत नाही. बस, कुछ लगा दो."

मी म्हटलं, तीन बोटं घाल. दोन गेली, तीसुद्धा कशीबशी.

"किती पुड्या खातोस दिवसाला?"

"मी? नाही तर."

"निखिल, मी तुझी आई नाही. मला खोटं बोलून तुला काय मिळणार?"

मग त्याने आकडा सांगितला. तो ऐकून मी डावा गाल ओढला. पांढऱ्या चट्ट्याच्या मधोमध एक छोटी जखम होती. तोंडातली साधी जखम मऊ असते आणि पंधरा दिवसांत भरून येते. ही सहा आठवड्यांची होती आणि मी बोट फिरवलं तेव्हा तिची कड कडक लागली. ती कड हाताला लागली की आमच्यातल्या कुणालाही पुस्तक उघडावं लागत नाही. 

"याचा एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा," मी म्हटलं.

"कैंसर?"

"मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच पाठवायचा."

त्याने वरचा दिवा हाताने बाजूला सारला. मग म्हणाला, "घर पे मत बोलना, मावशी. आईला नाही, कुणालाच नाही. पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे."

मुलगी दिनकररावांची होती. दिनकरराव म्हणजे माझ्या यजमानांचे जुने स्नेही. मी विचारलं, "मुलीला सांगशील ना?" तो म्हणाला, "रिपोर्ट येऊ दे. काही निघालं तर मी स्वतः सांगेन, कसम से." त्याचं म्हणणं मला पटलं. माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, असा मी शब्द दिला, भूल दिली, मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढला आणि एक टाका घातला. तो सोमवार होता.

गुरुवारी दिनकरराव दात साफ करून घ्यायला आले.

त्यांना जिन्यात बघितलं तेव्हाच ते का आलेत, हे मला ठाऊक होतं. दात साफ करायचं यंत्र मी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं, म्हणजे त्यांना बोलता येऊ नये. पण गुळणीला थांबावंच लागतं. त्यांनी गुळणी केली, नॅपकिनने मिशा पुसल्या आणि म्हणाले, "ताई, सुमनवहिनींचा निखिल तुमच्याकडेच येतो ना? कसा आहे मुलगा?"

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं, ते आजही सगळं आठवतं. मुलगा छान आहे म्हणावं, तर उद्या रिपोर्ट वाईट आला की या माणसाच्या मुलीला मी फसवलं असं होईल. तीही माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. माझी स्वतःची मुलगी असती तर मला कळायला हवं होतं की नको? आणि सांगावं, तर निखिलला दिलेला शब्द गेला. शिवाय नक्की ठाऊक नसलेल्या गोष्टीवरून एका मुलाचं आयुष्य मी उधळून देणार. म्हणून मी पुस्तकात लिहिलेलं उत्तर दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दिनकरराव, मी पेशंटबद्दल बाहेर बोलत नाही."

त्यांनी नॅपकिनची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "हे कधीपासून?"

मी हत्यारं ट्रेमध्ये लावत बसले. मला वाटलं, योग्य तेच केलं. ते निघून गेले तेव्हा सुटल्यासारखंसुद्धा वाटलं, इतकी मी मूर्ख.

जिचं तोंड उभ्या जन्मात चौकशीला बंद राहिलं नाही, ती बाई एका मुलाचं नाव काढताच नियम सांगू लागली, तर समोरच्याला कळायचं ते कळतंच. एखाद्या कडक डॉक्टरने हेच वाक्य म्हटलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. माझ्या तोंडून ते निघालं आणि त्याचा रिपोर्ट झाला.

रविवारी सोयरीक मोडली. कारण कुणी सांगितलं नाही, पत्रिकेचं काहीतरी पुढे केलं. संध्याकाळी निखिलचा मेसेज आला. "मावशी, आपसे ये उम्मीद नहीं थी." मी लगेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला तेव्हा लागलाच नाही.

सोमवारी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पहिल्या पायरीवरचा, लवकर कापून काढला तर माणूस वाचतो असा.

आता माझ्याजवळ एका मुलाच्या जिवाचा कागद होता आणि तो मुलगा माझा फोन घेत नव्हता. मी त्याच्या ऑफिसला फोन केला, तो जागेवर नाही म्हणून सांगितलं. मेसेज पाठवले, "रिपोर्टबद्दल बोलायचंय, ताबडतोब ये." ते पोचतच नव्हते, त्याने माझा नंबरच ब्लॉक केलेला. सुमनवहिनींना फोन करणं सर्वांत सोपं होतं. दहा आकडे दाबायचे की झालं. पण तो सज्ञान मुलगा, त्याने आईला सांगू नका म्हणून बजावलेलं, आणि एकदा तर माझ्यामुळे त्याचा घात झालेला. दुसऱ्यांदा करू? आणि नाही केला आणि तो गेला तर? दोन्हीकडून गुन्हेगार मीच.

रोज दुसऱ्यांचे गाल बघताना मला त्याचा गाल दिसायचा. ती कड आज किती वाढली असेल, गळ्यात गाठ उतरली असेल का, हेच डोक्यात. एकदा एका बाईंच्या चांगल्या दाढेवर भूल देऊन बसले, त्यांनीच हात धरून थांबवलं. अशी वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती.

बारा दिवस असे गेले. मी बारा दिवस काय केलं, असं कुणी विचारेल. त्याच्या घरी का नाही गेले? तर खरं उत्तर आहे, मला भीती वाटत होती. निखिलच्या जिवाची होतीच, पण त्याच्याबरोबर स्वतःचीही. तो दारातच म्हणेल, "तुमने मेरी शादी तोड़ी," आणि ते चार लोकांत होईल, याची. हे लिहायला लाज वाटते, पण न लिहून काय करू?

तेराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, रिपोर्ट पर्समध्ये घालून मी गेले. सुमनवहिनींनी चहा टाकला, पोहे टाकले. "बरं झालं आलात. निखिलचं काय चाललंय कळत नाही हो. काही खाऊन नाही राहिला. सोयरीक मोडल्याचं मनाला लावून घेतलंय पोराने." मी पोह्यांची बशी खाली ठेवली. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

तेवढ्यात तो ऑफिसमधून आला. मला बघून दारातच थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. मी आईला सांगायला आलेय असं त्याला वाटलं.

"निखिल, गेटपर्यंत सोडायला चल मला," मी म्हटलं. "गुडघा दुखतोय, जिना उतरवत नाही."

गुडघा ठणठणीत होता. जिन्याच्या मधल्या वळणावर मी थांबले. "आधी माझं ऐक, मग शिव्या दे. मी दिनकररावांना काही सांगितलं नाही. पण इतकी वर्षं सगळ्यांबद्दल बोलत आले आणि तुझ्याबद्दल गप्प बसले, त्यातून ते समजले. चूक माझीच आहे. तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं. आता रिपोर्टचं ऐक."

त्याने ऐकलं. मग तिथेच पायरीवर बसला. वरून सुमनवहिनी विचारत होत्या, गेल्या का रे मावशी? तो म्हणाला, "मर जाऊँगा क्या?"

"या आठवड्यात ऑपरेशनला उभा राहिलास तर मला नाही वाटत. बसून राहिलास तर हो."

"आईला तुम्ही सांगा."

"तू सांगायचंस. मी शेजारी बसते."

आम्ही दोघं परत वर गेलो. त्याने अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर सुमनवहिनी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी तारीख सांगितली. त्यांनी मान फिरवली. त्या आजही माझ्याशी तुटक बोलतात, आणि त्यांचं चुकत नाही.

ऑपरेशन झालं. गालाचा तेवढा भाग कापला, हाताची कातडी तिथे लावली, गळ्यातल्या गाठी काढल्या. सर्जनना मी विचारलं, बारा दिवसांनी काही फरक पडला का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

निखिल घरी आल्यावर महिन्याभराने दिनकरराव पेढे घेऊन माझ्याकडे आले. मुलीचं दुसरीकडे जमलं होतं. म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही आमच्या मुलीला वाचवलंत."

"मी काही सांगितलं नव्हतं."

"तेच तर," असं म्हणून ते समजूतदार हसले. आयुष्यात इतकं वाईट मला कुणाच्या शिवीने वाटलं नाही. पेढे मी खालच्या दुकानात देऊन टाकले. मिठाईवाल्याला वाटलं, मी त्याच्या मालाला नावं ठेवतेय.

त्यानंतर मी कुणाबद्दलच सांगायचं सोडलं. भिंतीवर पाटी लावली, मराठीत आणि हिंदीत, की इथे दुसऱ्या कुणाचीही चौकशी करू नये. लोक चिडले. "ताईंना आता मोठेपणा आलाय," असं लष्करभर झालं. आणि एका अगदी निरोगी मुलीबद्दल मी बोलले नाही म्हणून तिच्या सासरच्यांनी तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन सगळे दात मोजून घेतले. ती येऊन माझ्यावर ओरडली. तिलाही मी काय सांगणार? मी गप्प बसले तर त्यात काही नसतं, हे लोकांना पटायला वर्षं लागतील. आधीची सवय लावायला मलाही वर्षं लागलीच होती.

याला तीन वर्षं होत आली. निखिलने पुडी सोडली. बोलताना त्याचा एक गाल ओढला जातो, पण तो भरपूर बोलतो. दर दोन महिन्यांनी येतो, तीन बोटं घालून दाखवतो आणि म्हणतो, "देखो, मावशी, एंट्री मिळून राहिली." मी गालात बोट फिरवते. तो डोळे मिटतो आणि मी श्वास रोखते. मग मी "ठीक" म्हणते, तेव्हा कुठे आम्ही दोघं नीट बसतो.

गेल्या शनिवारी तो आला तेव्हा बरोबर एक मुलगी होती. सायली, त्याच्याच ऑफिसमधली. चष्मा, खांद्याला भलीमोठी बॅग. निखिल म्हणाला, "मावशी, आम्ही लग्न करून राहिलोय. मी हिला सांगितलंय, पण ही म्हणते डॉक्टरांकडून ऐकायचं. मेरे सामने सब बता दो. काही लपवायचं नाही."

मला इतका आनंद झाला की हसूच आलं. म्हटलं, बस, आधी बघते, मग बोलू.

गाल ओढला. लावलेली कातडी छान होती, गुलाबी, मऊ. बोट पुढून मागे नेत गेले. अगदी मागे, जुना व्रण हिरडीला मिळतो तिथे, साबुदाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. दोन महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं. मी बोट पुन्हा फिरवलं. होतं.

टाक्याची गाठ असेल. जुना व्रणही कधी कधी कडक होतो. नाहीतर ते असेल. मला माहीत नव्हतं. मान वर केली तर समोर ती मुलगी उभी, चष्मा सावरत माझ्या तोंडाकडे बघत. त्याने "सगळं सांगा" म्हटलं होतं, पण त्या सगळ्यात आत्ता हाताला लागलेलं येतं का? मी विचारलं, "निखिल, आज जे दिसतंय तेही हिच्यासमोर सांगू?" आणि विचारता विचारताच कळलं की या प्रश्नाने सांगायचं ते सांगून झालं होतं. याला कुठली पद्धत नाही. कितीही वर्षं काम केलं तरी नाही.

त्याने डोळे मिटले आणि मानेनेच हो म्हटलं.

मी दोघांना सांगितलं. जागा कुठे आहे, केवढी आहे, काय असू शकतं आणि मला काय माहीत नाही. तुकडा काढून पाठवायला हवा, हेही. सायलीने पूर्ण ऐकून घेतलं. मग बॅग खुर्चीखाली ठेवली आणि म्हणाली, "मावशी, आजच काढणार का? मग मी हाफ डे टाकते."

मी भूल दिली. त्याच्या डोक्याशी मी होते, बाजूला ट्रे होता, तिला उभं राहायला जागा उरली ती पायांकडे. तिने त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि टाका पडेपर्यंत सोडला नाही.

आज मंगळवार. रिपोर्ट परवा येणार. फोन दोघांनी एकत्र घ्यायचा, असं त्यांनी ठरवलंय. करायचा मला एकटीलाच आहे. ऐन वेळी जीभ अडखळू नये म्हणून काय बोलायचं ते मी सकाळी कागदावर लिहून काढायला बसले. वाईट बातमीचं बोलणं चार ओळींत लिहून झालं. चांगल्या बातमीचं लिहायला अजून हात धजत नाही.